टिवसझरी हॉल्ट

गावाचं खरं नाव तिवसझरी.
झऱ्याकाठी तिवसाची झाडं होती,
गाडीचं जू लोक त्याचंच करायचे,
एक जू एका पिढीला पुरायचं.

कंपनीनं रूळ टाकले ते कापसाच्या गाठींसाठी.
पाटी मद्रासकडून रंगवून आली,
इंग्रजीवरून मराठी उतरवलेली,
त्यात त चा ट झालेला.
पहिले मास्तर नायडू म्हणाले, बदलायची तर अर्ज करा.
पाटलांनी अर्ज केला.
उत्तर यायच्या आत पाटील वारले.
मग तलाठ्यानं सातबारा पाटीवरून उतरवला,
शाळेनं दाखला सातबाऱ्यावरून,
आणि सोयरे विचारू लागले, तुम्ही टिवसझरीचे काय?
हाव, म्हणू लागलो आम्ही.

झाडं स्लीपरांना गेली.
हे कुठल्याच दप्तरात नाही.
म्हातारा पुंजाजी डवरे तेवढा रुळाकडे बोट करून सांगायचा,
"लोखंड त्याइचं. लाकूड आपलं."

सकाळची गाडी सात-चाळीसची.
नऊला आली तरी सात-चाळीसचीच.
अप-डाऊनवाले ठरलेले :
गणिताचे इंगोले सर डब्यातच वह्या तपासायचे,
म्हणून आमच्या बरोबरच्या खुणा हेलकावे खायच्या.
जिनिंगच्या बाया, सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर,
मांडीवर दह्याचं मडकं घेतलेली चंद्रभागा गवळीण,
आणि आठवीतली बेबी मेश्राम
रोज धावत येणारी,
एक वेणी घातलेली, एक मोकळी.

गार्ड शेख गफूर हिरवी झेंडी काखेत दाबून उभा राहायचा.
ती चढली की वहीत लिहायचा :
टि. झ. चार मिनिटं उशीर. गुरं आडवी.

त्या वह्या कुणी काढून पाहिल्या
तर वाटेल, त्या तीन वर्षांत
आमच्याकडे फार गुरं होती.

बेबी पुढे नर्स झाली, सिरोंच्याकडे कुठेतरी.

मग मास्तरांची बदली झाली, दुसरे आलेच नाहीत.
स्टेशनाचा हॉल्ट झाला, बाबा हॉल्टचे एजंट.
जंक्शनवर रोख भरून पुठ्ठ्याची तिकिटं आणायची,
विकायची,
शेकडा पंधरा आपले.
तारीख टाकायचं काम माझं.
कॉपिंग पेन्सिल जिभेवर ओली करायची.
शाळेत जीभ जांभळी दिसली
की पोरं म्हणायची, आला रेल्वेचा साहेब.

गाडी बंद कधी झाली ते नक्की सांगता येत नाही.
आधी पुलाच्या दुरुस्तीसाठी आठ दिवस.
मग पुढील आदेशापर्यंत.
बाबा दाढी करून सात-वीसला खिडकी उघडत राहिले.
आई म्हणायची, "कोन येऊन राह्यलं आता?"
"कोनी नाई. पन उघडी असली पायजे."

रूळ मागच्या उन्हाळ्यात नेले.
कटर, ठिणग्या, पंधरा चाकी ट्रक,
आणि बघायला सगळं गाव, लग्नाला यावं तसं.
पाटी भंगारात गेली.
ट ठेवून गेले.

स्लीपरांचा लिलाव झाला.
कुणाच्या गोठ्याला लागला,
कुणी विहिरीवर आडवा टाकला.
आमचा दारात आहे, खिळ्यांच्या भोकांसकट,
मुंग्यांनी त्यात बिऱ्हाड केलंय.
पुंजाजीचा नातू सुतारकी करतो,
त्यानं एका कोपऱ्यावर रंधा फिरवून पाहिला,
भुसा नाकाशी नेला.
"सागवान नोहे हे."
पुढे काही बोलला नाही. चहा घेतला, गेला.

बाबांकडे अकरा तिकिटं उरलीत,
पैसे भरलेली,
टिवसझरी ते जंक्शन, तारखेची जागा कोरी.
परवा पुण्याचा एक पोरगा मोटारसायकलवर आला,
जुन्या वस्तू गोळा करतो म्हणे.
एका तिकिटाचे पाचशे देतो म्हणाला.

बाबांनी चष्मा लावला.
"दोन रुपये दहा पैसे," म्हणाले,
"आन् सुटे द्या."
मग माझ्याकडे वळले.
पेन्सिल कुठं ठेवली रे तू?